उत्तर बदलेपर्यंत

नातीच्या वहीत ‘दहा वजा चार अधिक तीन’ याचं उत्तर नऊ पाहून निवृत्त गणितमास्तरांनी लाल पेन उपसलं. “आधी बेरीज, मग वजाबाकी! तीस वर्षं पोरांकडून हेच घोटून घेतलंय.” “चूक, आजोबा! दोघींचा मान सारखाच. डावीकडून जी आधी येईल ती आधी.” नातीने पुस्तकच पुढ्यात ठेवलं. मास्तरांनी नियम दोनदा वाचला, पेनाला टोपण लावलं. फार वर्षांपूर्वी एका मुलीनेही नऊच लिहिलं होतं. “उत्तर बदलेपर्यंत बाहेर उभी राहा,” ते कडाडले होते. तिने बदललं नाही. चार दिवस ती वर्गाबाहेर उभी राहिली. पाचव्या दिवसापासून शाळेतच आली नाही. मास्तर उठले, दाराबाहेर गेले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. “आजोबा, आत या ना,” नात रडवेली झाली. “मी कुठे शिक्षा केलीय तुम्हाला?”