मूठभर हळद

मोटारीच्या रेडिएटरची खालची नळी सुटली आणि हणमंतरावांच्या मनगटावरून पिवळाधमक गाळ ओघळत बादलीत पडला. हळदीचा वास अंगणभर पसरला. शेजारी पाना धरून उभी असलेली त्यांची मुलगी भार्गवी एक पाऊल मागे सरकली.

रेडिएटरला बारीक भोक पडलं की मूठभर हळद टाकायची, ही अप्पांचीच, म्हणजे हणमंतरावांचीच युक्ती. लहानपणापासून ती बघत आली होती. एका मुठीने गळती थांबते आणि चार मुठींनी मोटार थांबते. हळद आतल्या बारीक नळ्यांत जाऊन बसते, पाणी फिरत नाही आणि इंजिन उकळतं. महिन्यापूर्वी होसकोट्याला जायच्या आदल्या दिवशी भार्गवीने मोजून चार मुठी टाकल्या होत्या. के. आर. पुरमच्या पुढे बॉनेटमधून वाफ निघाली आणि सगळे परत जयनगरला घरी आले.

होसकोट्याचं स्थळ दोड्डप्पांनी आणलं होतं. दोड्डप्पा म्हणजे प्रतापराव, अप्पांचे थोरले भाऊ. मुलाकडच्यांची एकच अट होती, सुनेने नोकरी करायची नाही. आणि भार्गवीला तर नोकरीचं पत्र आलेलं. कंप्यूटरच्या कंपन्या बंगळुरात नुकत्याच कुठे उघडू लागल्या होत्या, त्यांतल्याच एकीचं. एक तारखेला हजर व्हायचं होतं. पण थोरल्या भावाने शब्द दिला की अप्पा त्यावर ब्र काढत नसत. पंचावन्न वर्षांत काढला नव्हता, तो आता मुलीसाठी काढतील ही आशा तिने केव्हाच सोडली होती. आज होसकोट्यात सुपारी फुटली की संपलं.

सुटकेची वाट एकच होती. निघालेली माणसं तीनदा वाटेतून परतली तर ते स्थळ आपलं नव्हे, अशी या घराण्याची रीत. खुद्द दोड्डप्पांचं पहिलं स्थळ असंच सुटलं होतं.

दोनदा परतणं झालं होतं. दुसऱ्या खेपेला भार्गवीला हळद टाकायचा धीर झाला नव्हता, तरी मोटार उकळली. देव पावला म्हणून तिने हात जोडले होते. दोड्डप्पा मात्र देवावर विसंबून राहणाऱ्यांतले नव्हते. सोयरीक जोडायला भाड्याच्या गाडीने जाणं त्यांना कमीपणाचं वाटे. म्हणून जे. सी. रोडवरून कोरा करकरीत रेडिएटर घेऊन ते सकाळीच आले आणि दुखऱ्या गुडघ्यांनी व्हरांड्यात ठाण मांडून बसले. साडेदहाला राहुकाळ लागणार होता. त्याआधी मोटार फाटकाबाहेर पडायला हवी होती.

"काय रे निघालं त्यातून?" त्यांनी बसल्या जागेवरून विचारलं.

चोराच्या मनात चांदणं. भार्गवीने मान वर केली नाही. बादली अर्धी भरली होती. एवढा गाळ चार मुठींचा नव्हे, हे तिलाही दिसत होतं, पण ते बोलायचं कोणापाशी?

"गंज आहे, अण्णा," अप्पा म्हणाले. बादली उचलून त्यांनी नारळाच्या बुंध्याशी पालथी केली.

ती आणखीच घाबरली. अप्पा रागावले की आवाज चढवत नसत, गप्प होत. आता ते गप्पच होते. चार बोल्ट, दोन नळ्या, दोन क्लिपा. पाना मागायलाही ते तोंड उघडत नव्हते, नुसता हात पुढे करत होते. नवा रेडिएटर बसला. पाणी भरलं, इंजिन सुरू झालं. शिरस्त्याप्रमाणे त्यांनी खाली वर्तमानपत्र पसरलं, थेंब पडला तर कागदावर दिसावा म्हणून. दहा मिनिटं गेली. उष्णतेचा काटा वर चढला नाही.

भार्गवीची आई तुंगाबाई नारळ आणि फुलांचं ताट घेऊन दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी लेकीकडे एकदा बघितलं आणि नजर ताटाकडे वळवली.

"सव्वादहा झाले," दोड्डप्पा म्हणाले. "सरी ना, ठीक आहे ना आता? निघू या."

भार्गवीच्या डोळ्यांत पाणी आलं.

अप्पांनी इंजिन बंद केलं. गुडघे टेकून ते मोटारीखाली वाकले, कागदाकडे बराच वेळ बघत राहिले आणि हात पुसत उठले.

"स्वल्प गळतोय, अण्णा. सांध्यातून. भार्गवी, आतून हळद आण."

"नव्या रेडिएटरला हळद?" व्हरांड्यातून आवाज आला.

"वाटेत पंचाईत नको."

दोड्डप्पांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण खुर्चीतून उठून बघणं गुडघ्यांना परवडणारं नव्हतं. भार्गवी आत गेली आणि मूठभर हळद घेऊन आली. येताना तिने खाली वाकून बघितलं. कागद कोरडा ठणठणीत होता. कुठे एक थेंब नव्हता.

अप्पा रेडिएटरच्या झाकणावर ओलं फडकं गुंडाळून ते हळूहळू सैल करत होते. त्यांनी तिच्या हातातल्या हळदीकडे बघितलं आणि व्हरांड्याकडे पाठ करून आवाज उतरवला.

"मूठ कसली आणतेस, बाळ? मागच्या खेपेला मी अख्खा डबा ओतला होता."