कलम अकरा

"कलम अकरा," हिमानीचा नवरा श्रीरंग चहात बिस्कीट बुडवत म्हणाला. "नोकरी सोडल्यापासून तीन वर्षं महाराष्ट्रात खाद्यपदार्थांच्या कुठल्याही कारखान्यात काम करता येणार नाही. सही तुझीच आहे, हिमानी."

हिमानीनं नाशिकच्या कंपनीचं नोकरीचं पत्र टेबलावर आपटलं. हे तिसरं. आधी पुण्याची चालून आलेली नोकरी हातची गेली, मग सांगलीची, दोन्ही या एका कलमापायी. बद्रीनाथ शेठच्या चिकलठाण्यातल्या मसाला कारखान्यात तिला सात वर्षं झाली होती. कांदा-लसूण मसाल्यापासून बिर्याणी मसाल्यापर्यंत सगळी मिश्रणं तिनं बसवलेली. पुढं सरकायचं म्हटलं की हा कागद आडवा यायचा.

"मी बद्रीनाथ शेठशी सरळ बोलते."

"वेडी आहेस का? तो कोर्टात खेचेल तुला. मग हेलपाटे कोण घालणार?" श्रीरंगचा आवाज मऊ झाला. "मी का तुला अडवतोय? कागद अडवतोय."

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून तिनं औरंगपुऱ्यात ॲडव्होकेट रईसा काझींचं ऑफिस गाठलं.

रईसांनी करार वाचला, समजावला. हिमानीनं पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा समजावला.

"आता तिसऱ्यांदा सांगते," रईसा वैतागून म्हणाल्या. "नोकरीत असताना दुसऱ्याचं काम करू नका, ठीक. मिश्रणांची गुपितं कुणाला देऊ नका, तेही ठीक, सोडल्यावरसुद्धा. पण सोडल्यावर कुठंच काम करायचं नाही? मग माणसानं खायचं काय? करार कायद्याचं सत्ताविसावं कलम आहे. असली अट टिकत नाही."

"पण मी सही केलीय."

"अहो, जी अटच रद्द, ती तुमच्या सहीनं खरी होते का? सात वर्षांत कुणाला विचारलं नाही तुम्ही?"

"विचारलं ना. घरी."

रईसांनी कागद परत दिला. "शेठकडून लिहून घ्या, अट लागू नाही म्हणून. उगाच मागं कटकट नको."

रिक्षात बसल्यावर हिमानीचं डोकं तडकलं. सात वर्षं! चालत नसलेल्या एका पानाला ती घाबरून राहिली होती. कारखाना येईपर्यंत तिनं शेठला सुनवायची वाक्यं तीनदा घोकली.

बद्रीनाथ शेठ केबिनमध्ये धण्याचे नमुने चोळून वास घेत होते. तिनं करार त्यांच्यापुढं टाकला.

"हे अकरावं कलम कायद्यात बसत नाही. माझ्या दोन नोकऱ्या गेल्या यानं. लागू नाही असं लिहून द्या, नाहीतर मी वकिलाची नोटीस पाठवते."

शेठनी हात झटकले, पेन उघडलं, कलमावर आडवी रेघ मारली आणि बाजूला सही ठोकली.

"झालं? जायचं तिथं खुशाल जा. वाईट वाटंल, पण अडवनार नाय."

घोकलेली वाक्यं हिमानीच्या तोंडातच राहिली. त्यानं ती आणखीच चिडली.

"इतकं सोपं होतं, तर घातलं कशाला?"

"म्या घातलं?" शेठ उठले. कपाटातून त्यांनी एक फाईल काढली आणि शेवटचं पान तिच्यासमोर धरलं. "ह्यो आपल्या करीमभाईचा करार. मोजा. धाच कलमं. समद्यांचे असेच हायत. माणसं बांधून ठिवायला मला काय पडलंय?"

"मग माझ्याच करारात हे कुठून आलं?"

शेठनी फाईल हळूच मिटली.

"मला वाटलं, तुमा दोघांचं ठरलंय. तुमी रुजू व्हायच्या आदल्या दिशी श्रीरंगराव ते पान टाईप करून घिऊन आले व्हते."