त्या जागेचं नाव

व्हिव्हियन मांडी दुखते म्हणायचा, म्हणून त्याची आई बेला रोज संध्याकाळी खोबरेल तेल कोमट करून चोळायची. शेवटी त्याला उभं राहवेना, तेव्हा वटारहून रिक्षा करून तिने त्याला माणिकपूरला डॉक्टरांकडे नेलं.

"कॅन्सरची गाठ आहे, वृषणात," डॉक्टर म्हणाले. "लवकर आणलं असतंत तर वाचला असता. आता फुप्फुसापर्यंत गेलंय."

बेलाला 'वृषण' हा शब्द कळला नाही. पोराची खाली गेलेली मान पाहून कळला.

"मला का नाही बोललास रे?"

"काय म्हणून बोलू, आय? आपल्या बोलीत त्या जागेला एकच शब्द आहे, आणि ती शिवी आहे. लहानपणी तोंडातून गेली, तर तू माझ्या जिभेवर मिरची ठेवलीस."

तो गेल्यावर महिन्याने त्याच्यासाठी झालेल्या मिस्सा-प्रार्थनेनंतर चर्चबाहेर बायकांनी विचारलं, "नेमकं कुठे दुखत होतं गं त्याला?"

बेलाने त्या जागेचं बोलीतलं नाव घेतलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. बायका इकडेतिकडे बघू लागल्या.

"घरी जा," ती म्हणाली, "आणि आपापल्या पोरांना विचारा."