लांबची गाडी

डेपोत ड्युट्या लावणारा कारकून इतका खडूस, की सख्ख्या मेव्हण्यालाही त्याने कधी ड्युटी बदलून दिली नव्हती. पण त्या एका ड्रायव्हरच्या बायकोचा फोन आला की तो मुकाट्याने पेन्सिल उचलायचा. पहिल्याच फोनवर तिने धीर करून सगळं सांगून टाकलं होतं. "काका, मला पीसीओएस आहे. पाळीचा काही नेम नाही. मूल राहायला योग्य दिवस डॉक्टर सोनोग्राफी करून ऐन वेळी सांगतात, आणि नेमके तेव्हाच हे मुक्कामाच्या गाडीवर असतात. तुमच्याशी बोलायची यांना लाज वाटते हो."

तेव्हापासून दीड वर्ष, तिचा फोन आला की तो त्या ड्रायव्हरला गावातल्याच फेऱ्या लावायचा. कुणी कुरकुर केली तर "माझी मर्जी!" म्हणून वाटेला लावायचा. तिचा आवाज मात्र दर खेपेला आणखी थकलेला यायचा.

आज तिने वेगळंच मागितलं. "काका, या महिन्यात यांना लांबची गाडी द्या. मुक्कामाची असली तरी चालेल."

कारकुनाची पेन्सिल हातातच राहिली. डेपोत कुणी कधी ऐकला नसेल अशा मऊ आवाजात त्याने विचारलं, "पोरी, गोड बातमी आहे का गं?"

"नाही हो काका," ती म्हणाली. "दीड वर्ष नुसती तारखांची वाट बघतेय. एकदा पहिल्यासारखी यांची बघायचीय."