ओट्यापुढची फरशी

गवंड्याने नाण्याने फरशी वाजवून पाहिली. “ओट्यापुढची ही एकच पोकळ वाजतेय, साहेब. दोनदा उचलून खाली सिमेंट भरलं.”

चैत्रात ओट्याची उंची ठरवायला मी बायकोला इथेच उभं केलं होतं. खालचा कोबा अजून ओला होता, तरी ती चप्पल बाहेर काढून आत आली. “स्वयंपाकघर आहे,” म्हणाली. तिची पावलं त्यात उमटली तेव्हा हाच गवंडी कुरकुरला होता. आषाढात ती गेली.

“पुन्हा उचलू?” त्याने विचारलं.

“नको. खाली काय दिसलं?”

तो माझ्याकडे न बघता म्हणाला, “वहिनींची पावलं. पहिल्यांदा फरशी उचलली तेव्हाच बुजवली होती मी. दुसऱ्यांदा उचलली, तर पावलं पुन्हा तशीच.”

मग तो दाराशी गेला आणि चप्पल काढून आत आला.