खालचा अर्धा

पडद्यावर नवजात बाळांच्या पहिल्या दोन काचपेट्या छत्तीस अंशांवर होत्या. तिसरी शून्यावर, म्हणून यंत्र तिला निष्ठेनं तापवत होतं. चौथी नऊ हजारांवर. शलाकानं घड्याळ पाहिलं. पेट्या अजून रिकाम्या होत्या, पण तीन वाजता हॉस्पिटलच्या डॉक्टरीणबाई तपासायला येणार होत्या आणि अडीच वाजून गेले होते.

“सर, माझ्या प्रोग्रॅममधून तुमचं फंक्शन बोलावून परत येईपर्यंत माझे आकडे बिघडतात! चारही प्रोसेसरच्या एकाच रजिस्टरमध्ये, चार खणांत ठेवले होते.”

दाभाडे सरांनी शांतपणे मिशी पुसली. “प्रोसेसरचा नियमच आहे. बोलावलेल्यानं या रजिस्टरचा खालचा अर्धा भाग, म्हणजे पहिले दोन खण, तेवढा जसाच्या तसा परत द्यायचा. वरचा ज्याचा त्यानं आधीच उचलून ठेवायचा. कंपायलरनं भाषांतर करताना आपोआप ठेवला असता, पण तुला यंत्रभाषा हातानं लिहायची हौस!”

तिनं वरचा अर्धा आधी बाजूला ठेवायची आणि नंतर परत घ्यायची ओळ घातली. चारही पेट्या छत्तीसवर आल्या. जीव भांड्यात पडला, तशी भूक लागली. तिनं डबा उघडला. वरच्या कप्प्यातल्या अळूवड्या गायब!

“सर!”

“खालच्याला हात लावलाय का मी?”