शेठ वाळले

दालमिलचे प्रेमराजशेठ दर वाढदिवसाला आमच्या वस्तीत येतात, तराजूच्या एका पारड्यात बसतात आणि आपल्या वजनाइतकी तूरडाळ आम्हाला वाटतात. एरवी तिसरी गोणी फोडावी लागायची. यंदा दुसरी टेकवली आणि शेठ पाळण्यासारखे वर गेले. सुनेने म्हणे त्यांना डाएटवर ठेवलं होतं.

वस्तीत सुतक पडलं. ताईबाईने पुढे होऊन शेठचं मनगट चाचपलं.

"शेठ, हाई काय करी टाकं? आमना पोरेस्ना तरी इचार कराना व्हता."

"डॉक्टरांनीच सांगितलं, ताईबाई," शेठ ओशाळून म्हणाले.

"डॉक्टरना घर डाळ शे. आमनाकडे तुम्हीच शेतस."

दुसऱ्या दिवसापासून मिलच्या ऑफिसात वस्तीतून डबा जाऊ लागला. रोज एका घराची पाळी. वरण-बट्टी, वर तुपाची धार. शेठ संपवेपर्यंत ताईबाई समोरून हलायची नाही. शेठही दुधीच्या सूपला कंटाळले होते, त्यांनी फार आढेवेढे घेतले नाहीत. घरी पोरं वरणाचं वरचं पाणी पिऊन डबा जाताना बघायची.

पुढच्या महिन्यात अंगणवाडीच्या बाई वजनं घ्यायला आल्या. एकेक पोर काट्यावर ठेवलं तशा त्या कावल्याच.

"अहो, सगळ्यांचंच कमी भरतंय! पोरांचं वजन गेलं कुठे?"

ताईबाईने मिलकडे बोट दाखवलं.

"शेठना आंगवर ठेयेल शे, बाई. वाढदिवसले परत भेटी जाई."